कड्याकडे तोंड केलेला अँटेना

बिस्मिल्ला म्हणून वही उघडते तेव्हा मी सहसा हवा कशी होती, गाईने किती दूध दिलं आणि कोण आजारी आहे एवढंच लिहिते. पण त्या वर्षीच्या ऑगस्टमधली नऊ पानं एकाच माणसाने खाल्ली आहेत.

तो माझा दीर. सख्खा नव्हे, आमच्या ह्यांच्या चुलत्याचा मुलगा आणि मधल्या भिंतीपलीकडचा शेजारी. त्याचं नाव मी घेत नाही. नवऱ्याकडच्या माणसांची नावं आमच्यात सुना घेत नाहीत, मग तो माणूस वयाने धाकटा का असेना. धाकट्याला एखादं टोपणनाव ठेवायचं आणि जन्मभर त्याच नावाने हाक मारायची. मी लग्न होऊन तेरेक-बुलुनला आले तेव्हा त्याला नुकती नोकरी लागली होती. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन गावभर हिंडायचा. मी त्याला तारमिर्झा म्हणू लागले. त्यातला मिर्झा हा मान आणि तार ही थट्टा. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. तो मला जेंगे म्हणतो, म्हणजे थोरली वहिनी. थोरल्या वहिनीला धाकट्या दिराची थट्टा करायचा हक्क असतो, आणि अल्लाने दिलेला हक्क वाया घालवू नये असं मला वाटतं.

त्याची नोकरी तारेच्या रेडिओची होती. तेव्हा घरोघरी भिंतीवर एक पेटी असायची. तिला एकच बटण, आवाज लहानमोठा करायचं. टपाल कचेरीतून निघालेली तार खांबाखांबांवरून येऊन त्या पेटीत शिरायची आणि सकाळी सहाला पेटी बोलायला लागायची. तीन गावांत मिळून एकशे चौदा खांब होते, आणि ते सगळे तारमिर्झाच्या जिवावर उभे होते, असं निदान तो तरी सांगायचा. वाऱ्याने तार तुटली की हा घोड्यावर बसून निघायचा. खोगिराला खांब चढायची लोखंडी नखं बांधलेली. ती बुटांना अडकवून मांजरासारखा सरसर वर जायचा.

पुढे ते राज्य गेलं, तार गेली, खांबांची गोठ्यांना छपरं झाली. तारमिर्झाच्या घरात मात्र ती पेटी अजून भिंतीवर होती आणि शुक्रवारच्या शुक्रवार तो तिच्यावरची धूळ पुसायचा. नखं दाराशी टांगलेली. आणि चालायचा तो अजूनही वर बघत, कुठे तार सैल तर नाही ना झाली, असा. खाली बघून चालणाऱ्या माणसाला कधीतरी काहीतरी सापडतं. याला फक्त शेण सापडायचं, तेही बुटाला.

खांबांवरच्या वाऱ्याने त्याचे कान निम्मे नेले होते. हवेतून येणाऱ्या रेडिओबद्दल त्याचं मत वाईट होतं. "तारेतून येते ती बातमी, जेंगे," तो म्हणायचा. "हवेतून येते ती अफवा."

आता याच माणसाने हवेतला आवाज धरायला घरात अँटेना का बांधला, ते सांगते.

त्याच्या मुलाचं, नुरलानचं, मागच्या शरदात लग्न झालं होतं. सून साइकाल नारिन शहरातली, तिथल्या दवाखान्यात नर्स. मुलगी गुणी. सासऱ्यासमोर आली की कमरेत वाकून सलाम करायची, चहा ओतायची, आणि आमच्या चालीप्रमाणे बोलली तर इतक्या हळू की कपातल्या चहालासुद्धा ऐकू जाऊ नये. त्यात सासऱ्याचे कान हे असे. वर्ष होत आलं तरी त्याने सुनेचा आवाज ऐकला नव्हता.

"नुरलानने बायको आणली की चित्र आणलं?" तो एकदा बुरुलला म्हणाला. बुरुल म्हणजे त्याची बायको, माझी धाकटी जाऊ. "माझ्यावर रागावलीय का ती? लग्नात मी एक मेंढी कमी कापली, ते मनात धरलं असेल."

"रागावली नाही, लाजतेय," बुरुल म्हणाली. "मीही लाजायचे."

"तू? कधी?"

बुरुलने हे जसंच्या तसं फोनवर सुनेला सांगितलं. आमच्या गावात तेव्हा मोबाइल फक्त कब्रस्तानामागच्या टेकाडावर लागायचा. शुक्रवारची नमाज झाली की अर्धं गाव फोन उंच धरून तिथे उभं असायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पावसासाठी दुआ चाललीय. तर त्या शुक्रवारी मी पितरांसाठी तेल तापवून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगलेले तुकडे, तळत होते, तेवढ्यात तारमिर्झा टेकाडावरून उतरून थेट माझ्या चुलीशी आला. परातीतला एक गरम बोरसोक उचलून त्याने तोंडात टाकला.

"पितरांच्या आधी?" मी म्हटलं.

"पितर माझेच आहेत, रागावणार नाहीत. जेंगे, उद्याच्या नव्हे, पुढच्या शनिवारी दुपारी बारा वाजता माझी सून रेडिओवर बोलणार आहे."

त्याची एकसष्टी होती. वर्षं आम्ही पोटातलंही धरून मोजतो आणि बारा-बारांचे फेरे करतो. असे पाच फेरे झाले की जे वर्ष लागतं ते कच्च्या मडक्यासारखं समजतात. त्या वर्षात जितक्या तोंडांतून आशीर्वाद मिळेल तितका बरा. नारिनच्या एका स्टेशनवर शनिवारी लोक फोन करून आपल्या माणसांना शुभेच्छा द्यायचे, आणि साइकालने नंबर लावला होता. समोर बोलता येत नाही ते ती तिथे बोलणार होती. कार्यक्रम एकदाच होणार, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती आणि नुरलान गावी येणार.

"रविवारी ती येईल आणि विचारेल, ऐकलंत का. मी काय सांगू? आमच्या गावात हवा पोचत नाही?"

कारण एफएम आमच्या गावात येतच नव्हतं. नारिन उत्तरेला आणि मधे डोंगराची भलीमोठी धार. धारेपलीकडे गाडीतसुद्धा गाणी वाजायची. अलीकडे उतरलं की खरखर.

"मग आता अफवा ऐकणार म्हण की," मी म्हटलं.

त्याने दुसरा बोरसोक उचलला आणि निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, भिंतीपलीकडून करवतीचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग बुरुलचा. तिची एक घडीची खाट होती, अॅल्युमिनियमच्या नळ्यांची. तिच्यावर कुणी झोपत नसे. उन्हाळाभर तिच्यावर कुरुत वाळायचं. चक्का घट्ट बांधून, मीठ घालून गोळ्या वळायच्या आणि त्या खाटेच्या कापडावर पसरून उन्हात ठेवायच्या. वारा खालूनही लागतो, बुरशी धरत नाही. आता ते कापड जमिनीवर पडलं होतं आणि नळ्या तारमिर्झाच्या मांडीवर.

"माझं कुरुत कुठे वाळवू?" बुरुल विचारत होती. "तुझ्या टकलावर?"

"एवढ्या गोळ्या मावणार नाहीत," तो नळीवर खूण करत म्हणाला.

त्याच्याकडे एक जुनं पुस्तक होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षात मिळालेलं. त्यात अँटेनाचं चित्र होतं: मधे एक नळी, तिचे दोन तुकडे करून एकेकाला केबलची एकेक तार जोडलेली, तिच्या मागे एक थोडी लांब नळी, पुढे एक थोडी आखूड. तिन्ही एका लाकडी दांड्यावर आडव्या. माशाच्या काट्यासारखं दिसतं. पुस्तकात मधल्या नळीचा एकेक तुकडा मीटरभराचा सांगितला होता. तारमिर्झाने माझी शिवणाची टेप मागून नेली आणि केसाएवढाही फरक न ठेवता कापलं. दांडा एका उंच वाशावर बसवला, वासा गोठ्याच्या सपाट छपरावर रचलेल्या गवतात रोवला आणि काटा उत्तरेकडे, धारेकडे वळवला. केबल खाली आणून जुन्या लाकडी रेडिओला जोडली. हा रेडिओ त्याला खांब सांभाळल्याबद्दल बक्षीस मिळाला होता, आणि त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल होता.

त्या रात्री, रविवारी, सोमवारी, मंगळवारी त्यातून खरखर आली. खोल, विहिरीतून आल्यासारखी.

"आज काय म्हणते सून?" मी भिंतीवरून विचारायचे.

"अजून लाजतेय," तो म्हणायचा. पण बुधवारी तो असं म्हणाला नाही. वाशापाशी नुसता उभा होता. बुरुल मला एजे म्हणते, म्हणजे थोरली बहीण; ती हळूच म्हणाली, "एजे, दोन दिवस धड जेवलेला नाही. कच्चं वर्ष आहे, मला भीती वाटते. तुमच्या नमाजेत त्याचं नाव घ्या."

"नाव कसं घेऊ?" मी म्हटलं. "पण अल्लाला कळेल कोण ते. तारमिर्झा एकच आहे."

त्या दुपारी नारिनची मिनीबस चालवणारा तुरात पिठाची पोती उतरवायला आला. छपरावरचा काटा बघून आत डोकावला. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात आके म्हणतात, सासऱ्यालासुद्धा.

"आके, स्टेशन कितीवर लागतं ते ठाऊक आहे ना?"

"एकशे चारवर. नुरलानने सांगितलंय."

"मग तुमच्या पेटीवर एकशे चार कुठाय?"

तारमिर्झाने चष्मा लावला. रेडिओच्या काचेवर आकडे होते ते पासष्टापासून त्र्याहत्तरापर्यंत. त्याच्यापुढे लाकूड.

"मला वाटलं, तो त्यांच्या कचेरीचा नंबर असेल," तो म्हणाला.

"जुन्या राज्याची लहर निराळी होती, आके. तिकडे आता कुणी बोलत नाही. सगळे वरच्या आकड्यांवर गेले. आणि हा काटाही त्या जुन्या लहरीच्या मापाचा. आखूड करावा लागेल."

तुरात गेल्यावर तारमिर्झा बराच वेळ त्या रेडिओसमोर बसून होता. मला पाच दिवसांची थट्टा सुचली होती, पण त्याची पाठ बघून मी ती गिळली. मग तो उठला, भिंतीपाशी आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "जेंगे, तुझ्याकडे तो एक दिवा आहे ना?"

दिवा म्हणजे माझा चिनी टॉर्च. पहाटे गोठ्यात जाताना वापरायचा. त्याच्या बाजूला एक छोटा रेडिओ होता, ओढून लांब करायची काडी असलेला. मी तो आणला तेव्हा हाच म्हणाला होता, "टॉर्चला रेडिओ म्हणतेस? उद्या कढईला घड्याळ म्हणशील."

"दिवा आहे," मी म्हटलं. "रेडिओ नाही. रेडिओ तुमच्याकडे."

"दे ना, जेंगे."

दिला. त्याच्या आकड्यांमध्ये एकशे चार होतं, अगदी नखाएवढं.

गुरुवारी पुन्हा करवत. तुरातने शहरातून कुणाला तरी विचारून माप आणलं होतं: मधल्या नळीचे तुकडे अडुसष्ट सेंटीमीटरचे, बाकीच्या नळ्याही त्याच हिशेबात कमी. नोकरीभर ज्याने तार वाढवायचंच काम केलं त्याला कापायला फार जड जात होतं. प्रत्येक तुकडा पडला की तो उचलून खिशात ठेवायचा. केबलचं टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्याने टॉर्चच्या काडीला अडकवलं. संध्याकाळी खरखरीत एक शब्द ऐकू आला असं तो म्हणाला. कोणता, ते त्याला सांगता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी आमच्या अंगणात गालिचा झटकत होते. शनिवार उद्यावर आला होता. तारमिर्झा खाली टॉर्च मांडीवर घेऊन बसलेला, आणि बुरुल चक्क्याची भरलेली पिशवी घेऊन शिडीने गोठ्याच्या छपरावर चढलेली. खाट गेल्यापासून तिची सगळी तारांबळ तिथेच चालली होती. पिशवी निथळायला टांगायची कुठे? समोर तो लाकडी दांडा होता. काट्याच्या तीन नळ्या वाटेत आडव्या आल्या म्हणून तिने तो सरळ ढकलून फिरवला, नैऋत्येकडे, नदीपलीकडच्या पांढऱ्या कड्याकडे, आणि मागच्या टोकाला पिशवी लटकवली.

टॉर्चमधून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली की नारिनच्या बाजारात कलिंगडं आली आहेत.

तारमिर्झा उडालाच. "हात लावू नकोस," तो बुरुलवर ओरडला.

"लावून झाला," ती म्हणाली.

"शहर तिकडे, आणि आवाज इकडून? उलटा? कड्यात कोण बसलंय?"

मी गालिचा खाली ठेवला. खरं म्हणजे आमच्यापैकी कुणालाही हे आठ दिवस आधी सुचायला हवं होतं. धारेपलीकडच्या माणसाला हाक मारायची असली तर आम्ही धारेकडे तोंड करत नाही. कड्याकडे तोंड करून ओरडतो. कडा हाक परतवतो आणि ती धारेवरून पलीकडे उतरते. मेंढपाळाचं पाच वर्षांचं पोर हे जाणतं.

"मिर्झा," मी म्हटलं, "लहानपणी मेंढ्या राखल्या होत्यास ना?"

त्याने कड्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि मग तो इतका हसला की टॉर्च मांडीवरून पडला. उचलून पुसला, पुन्हा लावला. कलिंगडं अजून होतीच.

शनिवारी मी लवकर कामं आटोपून अकरा वाजताच त्यांच्या अंगणात गेले. बुरुलने सतरंजी अंथरली होती. टॉर्च खिडकीत ठेवला होता, आवाज पूर्ण वाढवून. तारमिर्झाने पांढरी नमद्याची टोपी घातली होती, लग्नाला घालतात ती, आणि दाढी केली होती. "ती तुला बघणार नाहीये," मी म्हटलं. तो म्हणाला, "मी बघणार आहे," आणि आपलंच बोलणं त्याला विचित्र वाटून टोपी नीट करू लागला.

साडेअकराला नदीकडून वारा सुटला आणि टॉर्च खरखरायला लागला. वर बघतो तर काटा डुलत होता, कड्यावरून धारेवर, धारेवरून कड्यावर.

"काल तर हलत नव्हता," तारमिर्झा म्हणाला, आणि मग बायकोकडे वळला. "पिशवी कुठाय?"

"उद्या सून येणार, तिच्यासाठी कुरुत नको वळायला? पहाटेच काढली."

चक्क्याच्या वजनानेच दांडा स्थिर राहिला होता. आता तो सुतळीने बांधायला वेळ नव्हता. बारा वाजत आले होते. तारमिर्झा शिडी चढला आणि दोन्ही हातांनी वासा धरून गवतात उभा राहिला. टॉर्च पुन्हा बोलायला लागला. एका आजोबांना नातवंडांनी शुभेच्छा दिल्या, एका शिक्षिकेला वर्गाने. मग निवेदक म्हणाला, आता फोनवर आहेत नारिनहून साइकाल.

"साइकाल," बुरुल छपराकडे बघून ओरडली.

"काय म्हणते?" वरून प्रश्न आला.

"अजून काही नाही."

"काय?"

त्याला काही ऐकू येत नव्हतं. वासा सोडला तर आवाज जाणार, आणि धरून ठेवला तर आवाज त्याच्या कानापर्यंत पोचणार नाही. छपरावर उभा असलेला तो माणूस नोकरीभर हेच करत आला होता. खांब त्याने धरायचा आणि आवाज दुसऱ्यांच्या घरात. पण आजचा आवाज त्याचा होता. मी चपला काढल्या आणि शिडी चढू लागले.

"जेंगे, तू? नमाजी बाई, छपरावर?"

"नमाजी आहे म्हणूनच चढतेय. पडले तर माझं खातं चोख आहे. तू पडलास तर चौकशी लागेल. उतर खाली."

तो उतरला. एकसष्ट वर्षांचा माणूस दोन पायऱ्या सोडून उडी मारून उतरला. मी वासा धरला. तोंड कड्याकडे; किब्ला, नमाजेची दिशा, जरासा उजवीकडे. वारा कानात घुसत होता, पण माझे कान शाबूत आहेत, आणि टॉर्च जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"कुणाला शुभेच्छा द्यायच्यात, साइकाल?" निवेदक विचारत होता.

"माझ्या सासऱ्यांना." आवाज मोठा, मोकळा. दवाखान्यात लांबच्या खाटेवरच्या रुग्णाला हाक मारतात तसा. तारमिर्झा खिडकीपाशी गुडघ्यांवर बसला होता, टॉर्चला कान लावून.

"नाव काय त्यांचं?"

"नाव मी घेत नाही."

"अहो, मग श्रोत्यांना कळणार कसं?"

"कळेल. ज्यांच्या दाराशी खांब चढायची नखं टांगलेली आहेत, ते. ज्यांनी एकशे चौदा खांब सांभाळले. जे वर बघत चालतात."

"मग खाली बघायचं काम त्यांच्या बायकोचं वाटतं?"

"त्या बूट धुतात," साइकाल म्हणाली. बुरुल तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून हसायला लागली.

"तरी पण एकदा नाव सांगा ना. काय बिघडतं? शहरात राहता तुम्ही."

"नाही घेणार."

आणि मग तारमिर्झा टॉर्चला म्हणाला, "अरे, का छळतोस पोरीला? मी सांगतो." आणि त्याने स्वतःचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, तीनदा, चौथ्यांदा ओरडून. निवेदकाला काही ऐकू गेलं नाही. गल्ली मात्र बाहेर आली. भिंतीवरून चार डोकी वर आली, आणि तीही ऐकायला लागली.

"आके," साइकाल बोलत होती, "घरी मी हळू बोलते, ते रागाने नाही. तुमच्यासमोर आवाज चढवणं शोभत नाही म्हणून. पण तुम्हाला ऐकू येत नाही, मग शोभून काय उपयोग? म्हणून आज खांबावर चढून बोलतेय. तुमचे पाच फेरे पुरे झाले. सहावाही असाच सुखाने जावो. तुमची तार कधी तुटू नये. घोडा अडखळू नये, पाय घसरू नये, घरातून पाहुणा आणि चुलीतून विस्तव जाऊ नये. ओमिन."

आशीर्वादाच्या शेवटी ओमिन म्हणताना आम्ही दोन्ही तळहात वर करतो आणि चेहऱ्यावरून फिरवतो. दोन्ही. जन्मापासूनची सवय. अंगणात बुरुलने हात वर केले, तारमिर्झाने केले, भिंतीवरच्या चार डोक्यांनी केले. आणि मीही केले.

वासा गर्रकन फिरला. "आणि आके, शेवटचं एक," एवढं टॉर्च म्हणाला आणि खरखर सुरू झाली. मी झडप घालून वासा धरला, परत कड्याकडे वळवला, तर तीन तारांच्या कोमुझची धून लागली होती. साइकाल गेली होती.

तारमिर्झाने वर पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"जेंगे," तो म्हणाला, "एकशे चौदा खांबांपैकी एकही मी असा सोडला नव्हता."

त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे: "हात वर केले ते अल्लासाठी, पण धरायचे होते ते दिरासाठी. दोन रकात नफ्ल नमाज जास्त पढले."

रविवारी दोघं आली. साइकालने वाकून सलाम केला, चहा ओतला. मला मुद्दाम बोलावलं होतं, आणि अपराधी माणूस बसतो तशी मी दाराजवळ बसले होते. तारमिर्झा जेवला, कुरुत चघळला, मिशा पुसल्या आणि गप्प बसला. रोजच्यासारखाच. साइकाल एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा खाली. तिसऱ्या कपाला तिचे डोळे भरून आलेले मला दिसले, आणि मला कळेना की झालं काय. सासऱ्याने ऐकलं हे तर तिला नुरलानने सांगितलं होतं.

शेवटी तारमिर्झाने घसा साफ केला.

"पोरी," तो म्हणाला. वर्षभरात तिला उद्देशून बोललेला हा त्याचा पहिला शब्द असावा. "शेवटचं एक म्हणालीस, ते काय होतं? या तुझ्या मोठ्या सासूबाईंनी तेवढ्यात हात सोडले."

साइकाल काहीतरी पुटपुटली.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"काय? खांबावर चढून बोल."

तिने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मग भांडी हलतील एवढ्या आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं, आके, मी बोलत नाही म्हणता, पण तुम्ही तरी माझ्याशी कुठे बोलता? रविवारी मी आले की आधी तुम्ही बोला."

तारमिर्झाने कप पुढे केला.

"बोललो की मग," तो म्हणाला. "ओत."

तिने ओतला. त्याने विचारलं दवाखान्यात खाटा किती, तिने ओरडून सांगितलं चाळीस. त्याने विचारलं त्या अॅल्युमिनियमच्या आहेत का. बुरुल म्हणाली, "सांगू नकोस गं, कापायला येईल." दुपारभर भिंतीपलीकडे असं चाललं होतं, मी नमाजेला घरी आले तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सोमवारी पाण्याच्या नळावर खालच्या आळीतली एक म्हातारी बुरुलजवळ सरकली. "तुमची सून काल सासऱ्यावर ओरडत होती म्हणे?"

"हो," बुरुल बादली भरत म्हणाली. "अल्लाची कृपा."